वॉर्निंग वाचणाऱ्या ताई

ताई पडदा वाचायच्या. संगणकाच्या पडद्याकडे सगळेच बघतात; ताई तो वाचायच्या. आमच्या वर्कशॉपमध्ये कर्नल नव्याने बांधायला घेतला, म्हणजे संगणकाच्या सगळ्या व्यवस्थेचा जो गाभा असतो तो मूळ मजकुरापासून पुन्हा तयार करायला लावला, की दीड-दोन तास पडद्यावरून ओळींमागून ओळी वर सरकत राहायच्या. बाकीचे तेवढ्यात चहाला जायचे. ताई खुर्ची पुढे ओढायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायच्या आणि ओठ हलवत एकेक ओळ वाचत बसायच्या. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाई जप करतायत.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचं वर्कशॉप होतं. उपसा सिंचनाच्या पंपांवर लक्ष ठेवणारी यंत्रं आम्ही बनवायचो. एक जुना संगणक, त्यात एक कार्ड, आणि कार्डाला वायरने जोडून विहिरीत सोडलेला सेन्सर. विहिरीत पाणी किती आहे ते पडद्यावर दिसायचं, आणि पाणी संपत आलं की यंत्राने आपणहून पंप बंद करायचा. शेठ, ताई, मी आणि दोन वायरमन, एवढीच माणसं. मी कन्हेरीचा, नुकताच डिप्लोमा झालेला. ताईंचं माहेर शेळगाव. वडील प्राथमिक शिक्षक; त्यांच्या आग्रहाने ताई पॉलिटेक्निकला गेल्या, वर्गात त्या एकट्याच मुलगी. यजमानांची नोकरी इंदापूरला, म्हणून रोज सकाळच्या एसटीने बारामतीला यायच्या.

बांधणी चालू असताना कंपायलर मधूनमधून वॉर्निंग देतो. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. चूक असली तर तो तिथेच थांबतो; वॉर्निंग असली तर नुसतं सांगतो आणि पुढे जातो. शेठ म्हणायचे, "पुढं जातंय ना? मग सोडा." ताई सोडायच्या नाहीत. त्यांनी दोनशे पानी वहीत सगळ्या वॉर्निंगा लिहून काढल्या होत्या. काहींपुढे लिहिलेलं असायचं, 'ही नेहमीची, निरुपद्रवी'. काहींपुढे नुसतं प्रश्नचिन्ह. मी एकदा हसलो, तेव्हा म्हणाल्या, "चूक ओरडून सांगते, तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. वॉर्निंग हळू बोलते. हळू बोलणाऱ्याचं कोण ऐकतं सांग?"

त्या हिवाळ्यात ताईंचे वडील आजारी पडले आणि त्या पंधरा दिवस रजेवर गेल्या. नेमकी तेव्हा पळसदेवच्या पाणीपुरवठा संस्थेची ऑर्डर होती आणि तिच्यासाठी कार्डाचा प्रोग्राम नव्याने लिहिलेला होता. संस्थेची माणसं शेड बघायला आली असताना बांधणी चालू होती. एकाने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हे सारखं वॉर्निंग वॉर्निंग काय म्हणतंय?" शेठनी हसून वेळ मारून नेली. ती माणसं गेल्यावर मला म्हणाले, "ते बंद कर. गिऱ्हाईक बघतं." बांधणीच्या सूचना ज्या फायलीत असतात तिथे एक अक्षर घातलं की कंपायलर वॉर्निंग देणं थांबवतो. मी ते घातलं. पडदा स्वच्छ झाला, यंत्र पळसदेवला गेलं, आणि त्यानंतर मे महिन्यापर्यंत पुन्हा बांधणी लावायची वेळ आली नाही. ताई परत आल्यावर मी त्यांना काही बोललो नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

मे महिन्यात उजनी धरणाचं पाणी खूप मागे हटलं आणि एका दुपारी पळसदेवचा पंप जळाला. दुसऱ्या दिवशी पंपावरचे तात्या आमच्या दारात उभे. मूळचे मासेमारी करणारे, साठी उलटलेली, पाण्याची माहिती म्हणून संस्थेने पंपावर ठेवलेले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"पडद्यावर इहीर भरल्याली दिसत व्हती, ताई," ते म्हणाले. "मी वाकून बगितलं तर खाली निस्ता गाळ. बटनाकडं पळालो, तवर धूर. आता समदी म्हनत्यात तात्या झोपला व्हता. सारा जलम पाण्यावर काढला. पाणी असताना कदी झोपलो न्हाय, नसताना झोपीन व्हय?"

"मशीन खोटं बोलत नाही, तात्या," शेठ आतून म्हणाले.

तात्या ताईंकडे बघत राहिले. शुक्रवारी संस्थेची बैठक होती. त्यात तात्यांना कामावरून काढायचं आणि निष्काळजीपणाची पोलिसांत तक्रार द्यायची, असं ठरल्यात जमा होतं. आज मंगळवार होता.

ताईंनी शेठकडे पुन्हा तपासायची परवानगी मागितली. शेठ म्हणाले, "तपासा. पण शटर खाली. आपण तपासतोय हे कळलं, की आपल्याला शंका आहे असा अर्थ होतो." त्यांनी बाहेरून शटर ओढून घेतलं आणि कुलूप लावलं. दुपारी जेवायला आणि संध्याकाळी घरी जायला उघडायचे, परत लावायचे. तीन दिवस आम्ही दोघं त्या पत्र्याखाली होतो. मे महिन्यातलं ऊन वरून पत्र्यावर, आत एक पंखा आणि लाइट गेली की तोही नाही. शटरच्या खालच्या फटीतून एक पांढरी रेघ जमिनीवर पडायची. दिवस कुठवर आला ते तिच्यावरून कळायचं.

पहिली बांधणी लावली. ताई वाचायला बसल्या. अर्धा तास गेला तरी नुसती फायलींची नावं. "एकही वॉर्निंग नाही?" त्या म्हणाल्या. "हा कर्नल आहे का देव?" मग त्यांनी सूचनांची फाइल उघडली आणि त्यांना ते अक्षर दिसलं.

"हे कुठून आलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आधीपासूनच असेल."

ताईंनी वही काढली आणि पानं मागे उलटत राहिल्या. "माझ्याच हातून गेलं असेल का?" असं स्वतःशीच दोनदा म्हणाल्या. "बाबांच्या आजारपणात डोकं ठिकाणावर नव्हतं." मी समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. शटरला बाहेरून कुलूप होतं, पण ते उघडं असतं तरी मला तिथून उठता आलं नसतं.

त्यांनी अक्षर काढलं आणि बांधणी पुन्हा लावली. पाऊण तासात लाइट गेली. परत आल्यावर मी म्हणालो, राहिलेलीच पुढे चालू करू. ताई नको म्हणाल्या. "मध्येच वीज गेली, अर्धवट लिहिलेल्या फायलींवर माझा भरवसा नाही. पहिल्यापासून." बुधवारी लाइट तीनदा गेली. तीनदा पहिल्यापासून. घामाने वहीची पानं हाताला चिकटत होती. मधल्या रिकाम्या वेळात ताई अंधारात बसून शेळगावच्या गोष्टी सांगायच्या: वडील शाळेतून आले की ताईंकडून रोजचं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घ्यायचे, आणि एखादा शब्द अडला की पुढे जाऊ द्यायचे नाहीत. मी हूं हूं करायचो. दर वेळी मनाशी ठरवायचो, लाइट आली की सांगू. लाइट यायची.

गुरुवारी सकाळी बांधणी शेवटपर्यंत गेली. साठ-एक वॉर्निंगा आल्या. ताई वहीशी ताडून एकेक खोडत गेल्या. शेवटी एक उरली, आमच्या कार्डाच्या प्रोग्रामातली. तिचा अर्थ होता, 'ही तुलना कायम खोटी ठरेल.'

ती ओळ आम्ही उघडून पाहिली. ओळीत काहीच वावगं नव्हतं. पाण्याची पातळी 'मोजता आली नाही' या खुणेइतकी असेल तर पंप बंद कर, एवढंच लिहिलेलं. तासभर आम्ही त्या एका ओळीपुढे बसून होतो. मग ताई म्हणाल्या, "ओळ बरोबर आहे. यातले शब्द कुठून आलेत ते बघू." खूण दुसऱ्या फायलीत लिहिलेली होती: उणे एक. पातळी साठवायची जागा तिसऱ्या फायलीत ठरवलेली होती, आणि त्या जागेत फक्त शून्य ते दोनशे पंचावन्न एवढेच आकडे मावत होते. उणे आकडा तिच्यात बसतच नव्हता. तो घातला की त्याचा दोनशे पंचावन्न व्हायचा, आणि दोनशे पंचावन्न म्हणजे काठोकाठ भरलेली विहीर. तिन्ही फायली आपापल्या जागी बरोबर होत्या. पाणी खाली गेलं, सेन्सर हवेत लोंबकळला, कार्डाने 'मोजता येत नाही' म्हणून कळवलं, आणि यंत्राने तात्यांना भरलेली विहीर दाखवली.

ताईंनी सेन्सरची वायर पाण्याच्या बादलीतून बाहेर काढून धरली. पडद्यावर विहीर भरलेली दिसली. त्यांनी वायर पुन्हा बुडवली, पुन्हा काढली. मग ती टेबलावर ठेवली आणि डोळे मिटून बसल्या.

थोड्या वेळाने कोरा कागद घेऊन त्या संस्थेला पत्र लिहू लागल्या. कारण लिहिलं, तात्यांचा दोष नाही हे लिहिलं. मग लिहिता लिहिता हळू आवाजात म्हणाल्या, "ही वॉर्निंग आधीच दिसली असती, परंतु माझ्या हातून..."

"ताई, ते अक्षर मी घातलं."

पेन थांबलं.

"शेठनी सांगितलं?"

"हो."

"आणि आधीपासून असेल, असं म्हणायलाही शेठनीच सांगितलं होतं?"

त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "मग हे वाक्य माझं नाही. तू लिही." मी लिहिलं, की वॉर्निंग मी बंद केली होती. खाली माझं नाव घातलं. शेठचं नाव मी लिहिलं नाही. ताईंनी वाचलं, शेवटी आपलंही नाव घातलं आणि म्हणाल्या, "पुरं नाही. पण जेवढं आहे तेवढं खरं आहे."

संध्याकाळी शेठनी शटर वर केलं. ताईंनी त्यांना बादली, वायर आणि पडदा तिन्ही दाखवलं. शेठ म्हणाले, "यंत्र दुरुस्त करून देऊ गुपचूप. हा कागद बाहेर गेला तर उद्यापासून येऊ नका."

"उद्या मी पळसदेवला आहे," ताई म्हणाल्या. "तशीही येणार नव्हते."

मी त्यांच्याबरोबर गेलो नाही. शेठनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मी शेडमध्येच थांबलो. बैठकीचं पुढे तात्यांकडूनच कळलं. ताईंनी विचारलं, मोटारसायकलचे किलोमीटरचे आकडे शून्याच्या मागे फिरवले तर काय दिसतं? कुणीतरी म्हणालं, समदे नऊ. "तसंच झालंय," ताई म्हणाल्या, "विहीर रिकामी, आकडे नवावर." अध्यक्षांनी पत्र हातात घेत विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?" त्या म्हणाल्या, "शेळगावची. नाव खाली लिहिलंय." तात्यांवरची तक्रार तिथेच मागे पडली. हे सांगताना तात्या म्हणाले, "मीटिंगीत आमच्या गावचं कुनी बोललं न्हाय. आन् तुमीबी न्हवता."

सोमवारी ताई आपलं सामान न्यायला आल्या. शेठ दारात उभं राहून म्हणाले, पिशवी दाखवून जा. ताईंनी पिशवी टेबलावर उलटी केली. जेवणाचा डबा, चष्म्याचं घर, वही. वही शेठनी वर्कशॉपची म्हणून ठेवून घेतली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. जाताना ताई मला एवढंच म्हणाल्या, "नीट राहा."

मी तिथे आणखी चौदा महिने राहिलो. घरी बहिणीचं लग्न ठरत होतं, दुसरी नोकरी मिळेना, ही कारणं खरी होती. पण रोज सकाळी शटरखालून वाकून आत जाताना ताईंच्या टेबलाकडे बघणं मी टाळायचो. ताईंच्या खुर्चीवर कुणी बसत नसे. तिच्यावर सुटे भाग ठेवायचे.

शेवटी नोकरी सोडली त्या आठवड्यात मी शेळगावला गेलो. ताई तोवर एका पॉलिटेक्निकात शिकवायला लागल्या होत्या; सुट्टीत माहेरी आलेल्या. अंगणात वडिलांबरोबर डाळिंबं निवडत होत्या. वडिलांनी "जयभीम, या" म्हणून खुर्ची पुढे केली. मी ताईंना सांगितलं की सोडली.

"पुढं काय?"

"पुण्याला जातोय. काही मिळालेलं नाही अजून."

"भीती वाटते?"

"हो."

"वाटू दे. जेवून जा. साडेतीनला गाडी आहे."

ती आमची शेवटची भेट ठरली. काही वर्षांनी ताई आजाराने गेल्या हे मला कुणा तिसऱ्याकडून, उशिरा कळलं. पण त्या दुपारी त्या फाट्यापर्यंत मला सोडायला आल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात डाळिंबांची पिशवी. सगळी वाट मला एकच गोष्ट बोलायची होती आणि ती तोंडातून निघत नव्हती. एसटी आली, दार उघडलं. मी पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून म्हणालो, "ताई..."

"कळलं," त्या म्हणाल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली. "चढ आता. मागं माणसं उभी आहेत."