दोन पायांची मापं

मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. शाळेत लंगडीच्या स्पर्धा जवळ आल्या होत्या आणि ती कांदिवलीच्या आमच्या घरात डावा पाय उचलून उड्या मारत फिरायची. आम्हाला वाटलं, सराव चाललाय. मी तर मोजायचोसुद्धा. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत अकरा उड्या. "दहात बसव," मी म्हणालो. तिने बसवल्या.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अरे, ती झोपेतून उठून बाथरूमलाही लंगडी घालतच गेली. असा कुठे सराव असतो?" ताप बघितला, तर एकशे दोन.

गुडघ्याखाली, नडगीच्या हाडात पू झाला होता. अंधेरीच्या एका रुग्णालयात ऑपरेशन झालं. पुवात सापडलेला जंतू एरवी पोटाच्या आजारांत दिसणारा. रक्ताचा जन्मजात दोष असलेल्या मुलांच्या हाडात तो कधीकधी शिरतो. हिच्यात तसा काही दोष नव्हता.

"धडधाकट मुलांत हे क्वचितच होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते तीन दिवस आता मोजत बसू नका. पाय वाढतो तो या जागेजवळूनच. वाढ थांबेपर्यंत लक्ष ठेवा."

सहा आठवडे औषधं चालली आणि ती चालायला लागली. पण डावा पाय वाढीत मागे राहिला, तर तिचं लंगडणं जन्माचं होणार होतं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिला चटईवर सरळ झोपवून कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप धरायचो. दोन्ही पाय, दोन-दोन वेळा.

"बाबा, मी काय पडदा आहे का?"

"हलू नकोस गं."

ती मुद्दाम हलायची. मग पहिल्यापासून माप. दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास जायचा आणि मी वरवर चिडायचो. पुढेपुढे ती कानात इअरफोन घालून गुपचूप पडून राहायला लागली. मापं अचूक यायची.

यंदा एक्स-रेत वाढ पूर्ण झालेली दिसली. दोन पायांत फरक चार मिलिमीटर.

"एवढा तर कुणाच्याही पायांत असतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता यायची गरज नाही."

"सुटले बुवा!" रिक्षात बसताना ती म्हणाली. मीही सुटलो होतो. आठ वर्षं याच वाक्याची वाट बघितली होती.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी टेप घेऊन तिच्या खोलीत गेलो.

"काय रे बाबा? आता कशाला?"

"एकदा शेवटचं घेऊया."

"झालंय ना ते. मला क्लासला जायचंय," ती म्हणाली आणि भराभर जिना उतरून गेली. पावलं अगदी सारखी पडत होती. मी चटई अंथरली नव्हती, हे बरं झालं.