शालनबाय आधी बॉनेट उघडत नसे

शालनबायच्या गॅरेजमध्ये गाडी नेली की ती बॉनेटकडे बघायचीसुद्धा नाही. हातातलं काम खाली ठेवायची, फडक्याला हात पुसायची, चपला बाहेर काढायची आणि अनवाणी आपल्या शेजारच्या सीटवर येऊन बसायची. पायाखालची रबराची चटई गुंडाळून मागे टाकायची. मग दोन्ही तळवे गाडीच्या उघड्या पत्र्यावर सपाट टेकवून म्हणायची, "चलवा."

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे सगळं वेळकाढूपणाचं वाटलं होतं. मी नुकताच हायस्कुलातून निवृत्त झालो होतो. माझी लहानशी पांढरी गाडी तेव्हाच चौदा वर्षांची होती. लिटरला अठरा किलोमीटर देणारी ती गाडी अकरावर आली होती. कणकवलीच्या एका मेकॅनिकने प्लग बदलले, दुसऱ्याने एअर फिल्टर बदलला, नोझल साफ केले. ॲव्हरेज जागचं हललं नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, जामसंड्याला एक बाई आहे, तिला दाखवा. बाई म्हटल्यावर मी मनात थोडा हसलो, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

पन्नाशी उलटलेली, सडपातळ, साडीवर पुरुषी खाकी शर्ट घातलेली ती बाई माझ्या शेजारी बसली आणि आम्ही देवगडच्या उतारावरून खाली बंदराकडे आणि परत वर असे फिरलो. वाटेत ती काही बोलली नाही. फक्त समोरच्या काट्यांकडे बघून एकदा विचारलं, "ह्यो तापमानाचो काटो कायम हयसरच रवता?" मी म्हटलं, हो, गाडी अजिबात तापत नाही, फार चांगली आहे. तिने काट्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. गॅरेजपाशी परत आल्यावर ती उतरली, चारही चाकांपाशी जाऊन प्रत्येकाच्या मधल्या भागाला हाताची मागची बाजू लावून आली. आईने पोराच्या कपाळाला लावावी तशी.

"मागचा डावा चाक गरम आसा," ती म्हणाली. "ब्रेक सुटना नाय. ता एक. आणि दुसरा म्हणजे गाडयेक थंडी वाजता, गुरुजी. तिका तापाक कोण देना नाय, म्हणान ती पिता."

मग तिने समजावून सांगितलं. इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी एक छोटी झडप असते. मागे कधीतरी गाडी घाटात तापली होती, तेव्हा कुणीतरी ती झडप काढूनच टाकली होती. तेव्हापासून इंजिन कधी पुरतं तापलंच नव्हतं, आणि आपण आत्ताच सुरू झालोय असं समजून ते बिचारं सतत जास्तीचं पेट्रोल ओढत होतं. मी ज्याला गाडीचा गुण समजत होतो तोच तिचा आजार होता. झडप बसली, ब्रेक सुटा झाला. टाकी काठोकाठ भरून, गाडी चालवून, पुन्हा काठोकाठ भरून मोजायचं, असं तिने बजावलं होतं. तसं मोजलं तर सोळा आले. मी विचारलं, पूर्वीसारखे अठरा का नाहीत? तिने माझ्या पिकल्या केसांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तुमी वर्गात आता पयल्यासारखे दिसभर उभे रवशात?"

त्यानंतर मी काम नसतानाही तिच्याकडे जाऊ लागलो. दाराशी एक बाकडं होतं. तिथे बसून तिचं काम बघणं हा माझा निवृत्तीतला छंद झाला. माझ्या बायकोला, सुनीताला, याचं हसू यायचं. पण चौतीस वर्षं मी पोरांना विज्ञान शिकवलं आणि एखाद्या गोष्टीकडे कसं बघायचं हे मला त्या बाकड्यावर बसल्यावर कळलं.

शालनबायचे वडील देवगड बंदरात मच्छीमारांच्या ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करत. मधुमेहाने त्यांची नजर हळूहळू गेली. तेव्हा शालन नववीत होती. शाळा सुटली आणि ती त्यांचे डोळे झाली. ती इंजिनात डोकं घालायची, ते बाहेर बसून विचारायचे, काय दिसतं? सुरुवातीला ती सांगायची की बहुतेक पंप गेला असेल. ते रागवायचे. "दिसता ता सांग, वाटता ता नको." हे वाक्य ती आम्हाला ऐकवायची तेव्हा तिचा आवाजच बदलायचा, त्या आंधळ्या माणसाचा व्हायचा.

आणि ती वागायचीही तशीच. आंब्याच्या पेट्या नेणारा एक टेम्पोवाला एकदा चिडून आला होता. ॲव्हरेज पडलंय, डिझेलमध्ये भेसळ आहे, पंपवाल्याची तक्रार करतो, असा त्याचा हेका. शालनबायने त्याला घेऊन नांदगावच्या रस्त्याला एक फेरी मारली. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत ती गेली. दहा दगड ओलांडले तरी टेम्पोतला आकडा नऊच किलोमीटर दाखवत होता. त्याने महिन्यापूर्वी मोठे टायर घातले होते. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं आणि आकडा मात्र जुन्या चाकाच्या हिशेबाने पुढे सरकतो. डिझेल पूर्वीइतकंच जळत होतं, मोजणाराच चुकत होता. तो खजील होऊन निघाला तेव्हा ती त्याला एवढंच म्हणाली, "कोणाक चोर म्हणूच्या आधी आपला माप तपासूचा."

चार वर्षं अशी गेली. मग माझी गाडी पुन्हा घसरून बारावर आली.

आता मला बरंच कळू लागलं होतं. मी चाकांना हात लावून पाहिला, चारही सारखीच. तापमानाचा काटा मध्यावर. टायरमध्ये हवा बरोबर. मी गाडी घेऊन गेलो आणि शालनबायला हे सगळं हुशार विद्यार्थ्यासारखं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चपला काढल्या, शेजारी बसली, चटई गुंडाळली.

आम्ही जेमतेम दोन किलोमीटर गेलो असू. चढावर इंजिनाचा आवाज वाढत होता, पण गाडी तेवढी पळत नव्हती, आणि कसलासा जळका वास येत होता. तिने मला गाडी कडेला घेऊन बंद करायला सांगितलं. मला वाटलं आता बॉनेट उघडेल. ती माझ्या पायांकडे बघत होती.

"गुरुजी, तुमचो डावो पाय खंय आसा?"

खाली, जमिनीवर, मी म्हटलं.

"बगा."

मी वाकून पाहिलं. माझा डावा पाय क्लचच्या पेडलवर होता. नुसता टेकलेला नव्हता, पेडल अर्धं दाबून ठेवलेलं होतं. चालवतानाही तो तसाच असणार, म्हणूनच क्लच घसरत आणि जळत होता. मी शपथेवर सांगितलं असतं की तो खाली आहे. मी तो उचलला, खाली ठेवला आणि पुन्हा पाहिलं. ठेवल्याचं मला फक्त दिसत होतं, कळत नव्हतं.

शालनबाय उतरून माझ्या बाजूला आली, दार उघडून रस्त्यावर उकिडवी बसली आणि तिने माझी चप्पल काढली. मी पाय मागे घ्यायला लागलो. बाईमाणसाने आपल्या पायाला हात लावावा याची लाज वाटली. तिने घोटा घट्ट धरला. चपलेच्या तळातून एक बारीक खिळा वर आला होता. माझ्या तळव्याला, करंगळीच्या मुळाशी, खड्डा पडला होता. कडा पांढऱ्या पडलेल्या, आत काळपट, आणि भोवतालचं सगळं लाल. मी कमीत कमी दोन दिवस त्या खिळ्यावर चालत होतो.

"साखर आसा तुमका," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता. मी कबूल केलं की आहे, सात-आठ वर्षांपासून, आणि गोळ्या आठवल्या तर घेतो. मुंग्या यायच्या पायाला, मग त्याही थांबल्या, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

तिने चपलेतल्या खिळ्यावर बोट फिरवलं. मग सावकाश म्हणाली, "माज्या बापाशीचो पाय असोच गेलो. इंजिनाच्या गरम पायपाक टेकलेलो. कातडी जळल्याचो वास माका इलो, तेका नाय."

तिने मला उठवून शेजारच्या सीटवर बसवलं, स्वतः गाडीत बसली आणि गॅरेज उघडं टाकून मला कणकवलीच्या हॉस्पिटलात घेऊन निघाली. सुनीताला तिनेच फोन केला, घाबरवू नये अशा बेताने. ती पन्नास किलोमीटरची वाट मी कधी विसरणार नाही. वळण दिसायच्या कितीतरी आधी तिचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठलेला असायचा. ब्रेकला ती जवळजवळ शिवतच नव्हती. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवून तिच्याच वजनाने जाऊ द्यायची. घाई होती, तरी एकही धक्का नव्हता. घसरणारा क्लच तिने असा जपून हाताळला की गाडी बिघडलेली आहे हे मला विसरायला झालं. पायाची भीती होती, तरीही मी तिच्या हातापायांकडे बघत राहिलो.

डॉक्टरांनी जखम उघडून पाहिली. संसर्ग पायाच्या हाडांत शिरायच्या बेतात होता. करंगळी काढावी लागली, पाय राहिला. आणखी आठवडाभर गेला असता तर घोट्यापर्यंतचं बोलावं लागलं असतं, असं ते म्हणाले. हे कुणाच्या लक्षात आलं, असं त्यांनी विचारलं. गाडीचं ॲव्हरेज बघणाऱ्या बाईच्या, मी म्हटलं. त्यांनी मान वर केली आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

मी तीन आठवडे अंथरुणावर होतो. त्या काळात शालनबायने क्लचची प्लेट बदलली, आणि जुनी प्लेट मला दाखवायला घरी घेऊन आली. झिजून आरशासारखी गुळगुळीत झाली होती. तिने सुनीताला रोज सकाळ-संध्याकाळ माझे तळवे कसे बघायचे ते शिकवलं. बोटांच्या बेचक्यांतही बघायचं, चप्पल घालायच्या आधी आत हात घालायचा. मग मला स्पष्ट सांगितलं की पायाला पेडल कळत नाही तोवर मी गाडी चालवायची नाही, आणि ते आता बहुधा कधीच कळणार नाही. इतकं कडू बोलणं इतक्या मायेने मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

गाडी विकू, मी म्हटलं. शालनबाय सुनीताकडे वळली. "तुमी शिकतल्यात?" सुनीता तेव्हा सत्तावन्न वर्षांची. आयुष्यात सायकलही चालवलेली नव्हती. ती हो म्हणाली तेव्हा सर्वांत जास्त धक्का मलाच बसला.

शालनबाय गेल्या पावसाळ्यात गेली. तापाचं निमित्त झालं, पाच दिवसांत सगळं आटोपलं. गॅरेज बंद आहे. तिचं नाव निघालं की लोक तिच्या हातगुणाबद्दल बोलतात, आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र सुनीताच्या शिकवणीचा शेवटचा दिवस येतो.

महिनाभर रोज सकाळी शालनबाय तिला घेऊन फिरत होती. त्या दिवशी तिने सुनीताला एकटीला गाडीत बसवलं आणि दार बाहेरून लावून घेतलं. आम्ही दोघं गॅरेजसमोर रस्त्यावर उभे राहिलो. मी काठी घेऊन, ती फडक्याला हात पुसत. गाडी जरा थरथरली, निघाली, वळणावर गेली आणि आंब्याच्या बागेआड दिसेनाशी झाली. पुढे चढ होता. मी कान दिले, पण मला बागेतल्या पाखरांखेरीज काही ऐकू येईना.

शालनबाय डोळे मिटून उभी होती. बराच वेळ. मग तिचा चेहरा सैल झाला.

"तिसरो गिअर पडलो," ती म्हणाली, आणि कामाला आत निघून गेली.