आबांचं वाक्य मी 'शुद्ध' केलं

मंडळी, आज आमच्या कॉलेजचा अंक छापून आला. मांडणी आणि मुद्रितशोधन माझ्याकडं होतं.

पळसदेवच्या सोनालीनं त्यात तिच्या आजोबांवर लिहिलंय. तिनं लगेच आबांना फोन लावून लेख वाचून दाखवला. "आमचे जुने गाव तिथे पाण्याखाली आहे," या त्यांच्या वाक्यावर आबांनी तिला थांबवलं.

"ह्ये मी कवा म्हणलो? ह्यो तर कुणी मास्तर बोलतोय."

सोनालीनं "आमचं जुनं गाव तितं पान्याखाली हाय" असंच लिहिलं होतं. प्रेसला फाईल पाठवताना मीच ते बदललं, तिला न विचारता.

मगाशी लोणी भापकरहून आईचा फोन आला. "कसा झालाय रं अंक?"

"चांगला हाय. पन माझं लई चुकलं."

हे वाक्य तुम्ही शुद्ध कराल का?