एका हातपंपाच्या सतरा तक्रारी

तलावातले मासे निघाले की ढिवर मोहल्ल्यातल्या सतराही घरांचे सारखे वाटे घालायचे काम सोमाजीचे. त्यात त्याने कधी एक मासाही इकडचा तिकडे केला नाही. मोहल्ल्याचा एकुलता एक हातपंप तीन महिने बंद राहिला, बाया तलावाचे गढूळ पाणी भरू लागल्या, तेव्हा तोच ब्रह्मपुरीला कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. दुकानवाल्या साधनाबाईने सरकारकडे तक्रार धाडली आणि तक्रारीचा नंबर कागदावर छापून हातात दिला.

"एकच? बाकी सोळा घरायनं काय पाप केलं?"

"भाऊ, हातपंप एकच हाये ना?"

"तलावही एकच हाये, बाई. वाटे सतरा पडतेत."

साधनाबाईने हात टेकले. सतरा तक्रारी गेल्या.

आठवड्याने सतरा पंपांचे सामान लादून जीप आली. मिस्त्रीने पंप दुरुस्त केला, घाम पुसला आणि विचारले, "बाकीचे सोळा कुठी हायेत?"

सोमाजीने सतरा कागद पुढे केले. मिस्त्री मटकन खालीच बसला.

सोमाजीची बायको गिरजा पंपावर पाण्याचा गुंड भरता भरता म्हणाली, "भाऊ, खरं सांगा. एका कागदावर आले असते का तुमी?"

 मिस्त्रीने आधी ओंजळभर पाणी मागितले.