सासर-माहेर करणारा लॅपटॉप

संगमनेरच्या आमच्या छोट्या डेअरीत सुरेखाताई पंचवीस वर्षं काम करताहेत. कोणत्या गावाहून किती दूध आलं, फॅट किती लागली, याचा रोजचा रिपोर्ट त्यांच्याकडे. अक्षर इतकं सुरेख, की संगणक आल्यावरही दारावरच्या सूचना त्यांच्याच हातच्या. कोल्हारहून सकाळच्या एसटीने येतात आणि आल्याआल्या सगळ्यांची खुशाली विचारतात.

मागच्या दिवाळीआधी त्यांच्या सासूबाई, मुक्ताबाई, गोठ्यात घसरून पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. ताईंनी रजा मागितली नाही. साहेबांना म्हणाल्या, "आठवड्यातले तीन दिवस घरून काम करू द्या. रिपोर्ट नऊच्या आत पोचला नाही तर बोला." साहेबांनी त्यांना लॅपटॉप दिला.

तो घरी चालेना. आमच्याकडे संगणकांची कामं बघणाऱ्या अजिनाथने कचेरीतल्या प्रत्येक संगणकाला एकेक नंबर ठरवून दिलाय. लॅपटॉपमध्येही तसाच नंबर भरलेला, आणि ताईंच्या घरच्या वायफायला तो मुळीच चालत नव्हता. अजिनाथ फोनवर म्हणाला, "ताई, घरी गेलात की नंबर काढून टाकायचा, कचेरीत आलात की परत भरायचा. एवढंच."

ताईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि महिनाभर तो उद्योग केला.

मग एका सोमवारी माझं फॅटचं मशीन अडलं. म्हणजे मशीन चालू, पण आकडे संगणकावर येईनात. बाहेर दुधाच्या तीन गाड्या खोळंबलेल्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत, अजिनाथ फोन उचलेना. ताई माझ्या टेबलापाशी आल्या.

"हर्षल, तुझ्या संगणकाचा नंबर काय रे?"

"शेवटचा आकडा सदतीस."

त्यांनी वही पाहिली, लॅपटॉप पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! माझा एकतीस. मी सदतीस टाकून तुझ्याच जागेवर जाऊन बसलेय!"

एकच नंबर दोघांचा झाल्यावर दोघांचंही अडणारच. त्यांनी आकडा बदलला, माझे आकडे धडाधड यायला लागले. ताई हसत होत्या खऱ्या, पण झालेली चूक त्यांना फार लागली होती.

घरी त्यांनी हे मुक्ताबाईंना सांगितलं. म्हातारी खाटेवरून रोज ही खटपट बघत होतीच. म्हणाली, "ह्याला बी सासर-माहेर हाय व्हय? हितलं तितं चालत न्हाई?"

"व्हय आत्याबाई, तसंच हाय."

"मग दोन्ही घरच्या रीती एकदाच शिकवून ठिव की. रोज रोज काय सांगायचं त्याला?"

गुरुवारी अजिनाथ आला तेव्हा ताईंनी त्याला हेच विचारलं. तो म्हणाला, "होतंय की. आणा, करून देतो."

"तू करू नकोस. तू सांग, मी करते."

तो सांगत गेला, ताई एका बोटाने टाईप करत गेल्या. चार-चार ओळींच्या दोन छोट्या फाईली झाल्या. एक चालवली की कचेरीचा नंबर भरला जायचा, दुसरी चालवली की निघून जायचा. नावं काय द्यायची, यावर अजिनाथ म्हणाला, "होम आणि ऑफिस." ताईंनी 'सासर' आणि 'माहेर' टाईप केलं.

"माहेर कुठलं?" मी विचारलं.

"कचेरी! इथं चहा आयता मिळतो."

दुसऱ्या दिवशी घरी त्यांनी 'सासर'वर क्लिक केलं. काहीच झालं नाही. पुन्हा केलं, तरी तेच. अजिनाथला फोन लावणार होत्या, पण वहीत शोधलं तर ओळ सापडली: उजवं बटण दाबून, परवानगी देऊन चालवायची. तसं केलं आणि वायफाय लागलं. साडेआठलाच रिपोर्ट आला. त्याखाली त्यांनी लिहिलं होतं, 'पोचला का? आत्याबाई विचारतायत.' मुक्ताबाई तोवर वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. डॉक्टरांनी सांगूनही जे आठवडाभर केलं नव्हतं, ते लॅपटॉप बघायच्या नादात त्यांनी केलं.

ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. आमच्या घोडेगावच्या केंद्रावर मोनिका नावाची मुलगी आहे, बाळंतपणानंतर नुकतीच कामावर आलेली. तिलाही घरून काम हवं होतं. साहेब म्हणाले, "ताई, तुम्हीच जा." पंचवीस वर्षांत त्यांना कचेरीच्या कामासाठी पहिल्यांदाच बाहेर पाठवलं होतं. ठेवणीतली साडी नेसून त्या जीपमध्ये पुढे बसल्या. तिथलं मशीन तपासायचं होतं, म्हणून मीही मागे बसलो होतो. घोडेगावात बाजाराचा दिवस, म्हशींच्या टेम्पोंमागे आम्ही तासभर अडकलो. ताई खिडकीतून म्हशींना नावं ठेवत मजेत बसल्या होत्या.

मोनिकाचं बाळ त्यांनी मांडीवर घेतलं आणि लॅपटॉपला हातही न लावता तिला एकेक ओळ सांगितली. दोन्ही फाईली चालल्या. मोनिका आनंदाने उठायला लागली, तशा ताई म्हणाल्या, "बस खाली. आता दोन्ही फाईली पुसून टाक आणि मला न विचारता पुन्हा तयार कर. तोवर बाळ माझ्याकडे बरं हाय."