जंगलातल्या डब्यातली वही

बोरिवलीला पूर्वेकडे आमची चाळ होती. तिथून नॅशनल पार्कचं जंगल चालत पाऊण तासावर. रॉकेल रेशनवर मिळायचं आणि महिना सरायच्या आधी संपायचं, म्हणून चाळीतल्या आम्ही चार-पाच जणी आठवड्यातून दोनदा सुक्या काटक्या आणायला जात असू. उभ्या झाडाला हात लावायचा नाही, पडलेलं तेवढं उचलायचं, हा आमचा आमच्यापुरता नियम होता. जंगलाच्या शिपायाला तो मान्य नव्हता. तो दिसला की भारा टाकून पळायचं.

असंच एकदा पळताना मी बाकीच्यांपासून चुकले आणि कान्हेरीच्या बाजूच्या पायवाटेवर एका काळ्या खडकामागे दडून बसले. खडकाच्या कपारीत चार दगड रचलेले होते. माणसाने रचलेले दगड वेगळे दिसतात. मी दोन बाजूला केले. आत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. कोणाचा तरी चोरीचा माल असणार, आपण हात लावू नये, असं मनात म्हणतच मी तो उघडला.

आत एक वही, पेन्सिल, शाईचं पॅड आणि एक रबरी ठसा होता. ठशावर बिबट्याचा पंजा कोरलेला. मी चौथीपर्यंत शिकलेली, शब्दाखाली बोट ठेवून वाचणारी. पहिल्या पानावर लिहिलं होतं की हा खेळ आहे. ज्याला डबा सापडेल त्याने वहीत आपलं नाव, गाव आणि वाटलं तर दोन शब्द लिहावेत, आपला स्वतःचा ठसा असेल तर उमटवावा, डब्यातला ठसा आपल्या कागदावर घ्यावा आणि डबा होता तसा लपवावा. पुढच्या डब्याची खूण शेवटच्या पानावर होती: ओढा ओलांडून तीन साग एका रांगेत, तिसऱ्याच्या मुळाशी.

मी काही लिहिलं नाही. नाव लिहायचं म्हणजे मधे नवऱ्याचं नाव येतं. ते मी कधी तोंडाने घेतलं नव्हतं, आणि अनोळखी पुरुषांच्या वहीत तर लिहिणं शक्यच नव्हतं. पण पुढच्या खेपेला जाताना कमरेला एक भेंडी खोचून नेली. देठाकडून आडवी कापली, पॅडवर दाबली आणि वहीत ठेवली. पाच पाकळ्यांचं फूल उमटलं. पंजाचा ठसा मी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे घेतला आणि ते पान घरी फळीवरच्या कागदाखाली सरकवून ठेवलं.

वर्षभरात मला तीन डबे सापडले. बाकीच्या बायका मोळी बांधेपर्यंत मी "पुढे बघून येते" म्हणून जायची. पंजाच्या वहीत लोक माझ्या फुलाशी बोलायला लागले होते. कोणी लिहिलं होतं, "भेंडीवाले कोण आहेत? ताई असाल तर दोन शब्द लिहा." त्याखाली दुसऱ्याने, "पुढच्या वेळी भाजीच करून ठेवा, भूक लागते इथवर येताना." मी खडकामागे बसून एकटीच हसले होते. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी माझं स्वतःचं काही लिहायला सांगत होतं. घरी मी लिहायची ती गावाची पत्रं, आणि तीही सासूबाई सांगतील तशी.

त्या साली होळीनंतर गावी सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि पाय गेला. कोणी तरी जाऊन राहायला हवं होतं. सासूबाईंना दमा, गावचा पावसाळा त्यांना सोसत नसे, म्हणूनच तर त्या मुंबईला येऊन राहिल्या होत्या. म्हणून पावसाळ्याआधी मी जायचं ठरलं; तोवर शेजारचे बघत होते. मुलगी सहा वर्षांची, तिची शाळा इथली, म्हणून ती इथेच राहायची. किती दिवस, ते कोणी बोललं नाही. मी भाकऱ्या थापत होते आणि माझ्या पाठीमागे हे सगळं ठरलं. मला कोणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही.

त्याच आठवड्यात मी पंजाच्या वहीत फूल उमटवलं आणि त्याखाली पेन्सिलीने अर्धं पान लिहिलं. लिहून झाल्यावर हात हलका झाल्यासारखं वाटलं. तिथे मला ओळखणारं कोणी नव्हतं.

महिन्याभराने, एका शुक्रवारी, भावोजी जेवताना म्हणाले, "वहिनी, तुमच्या जंगलात आता आमचं राज्य. तुम्ही लाकडं आणा, आम्ही डबे आणतो."

माझे दीर तेव्हा नुकतेच एका कचेरीत लागले होते. तिथल्या लोकांचा एक गट रविवारी डोंगर चढायला जायचा आणि हे डबे त्यांनीच लपवलेले होते.

"कसले डबे?" ह्यांनी विचारलं.

"त्यात वह्या असतात. एक भरत आलीये, पंजावाली. रविवारी काढून नवी ठेवणार. जुनी कोणी तरी चांगल्या अक्षरात उतरवून काढायची. माझं अक्षर चांगलं, म्हणून साहेबांनी माझ्या गळ्यात मारली."

"अक्षर चांगला म्हणान?" सासूबाई म्हणाल्या. "मेल्या, नवीन लागलंस म्हणान."

सगळे हसले. माझ्या हातातली आमटीची वाटी कलंडली.

माझं अक्षर घरात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. लग्नानंतर दोन वर्षं मी गावी होते तेव्हा ह्यांना पत्रं लिहायची, आणि आता दर पंधरवड्याला गावाला लिहायची. मधे फक्त शनिवार होता.

शनिवारी मी एकटीच गेले. एकटीने आमच्यातली कोणी कधी जात नसे. चाळीतल्या बायकांना सांगितलं की अंगात कणकण आहे, आणि घरी सांगितलं की त्यांच्याबरोबर जातेय. एका सकाळी दोन थापा. ओढ्यापाशी शिपाई बसला होता, बिडी ओढत. मी करवंदीच्या जाळीमागे वाकून राहिले. माझी मान भरून आली. पायावर मुंग्या चढल्या, पण झटकता येईना. तो उठेचना. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो उठला आणि खाकरत खालच्या वाटेने गेला. मी धावत खडकापाशी पोचले, डबा काढला, माझं पान सापडलं. फाडायला मुडपलंही.

मागच्या बाजूला कोणी तरी लिहिलं होतं. थरथरत्या मोठ्या अक्षरांत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर पहिल्यांदाच एवढं चालत आलो, झाडाची पानं वेगवेगळी दिसली, असं लिहून खाली तारीख आणि सही केली होती. पान भरून. माझं फाडलं की त्यांचं जात होतं.

मी किती वेळ ते पान चिमटीत धरून बसले होते कोण जाणे. मग खोडायचं ठरवलं. खोडरबर नव्हतं, बोटाला थुंकी लावून घासलं तर पहिलीच ओळ काळी झाली आणि कागद फाटायला लागला. खालच्या वाटेवर पुन्हा खाकरणं ऐकू आलं. मी वही डब्यात टाकली, दगड लावले आणि पळाले. घरी रिकाम्या हातांनी आले.

"लाकडा खंय?" सासूबाईंनी विचारलं.

"शिपाई होता," मी म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

रविवारी चारच्या सुमाराला भावोजी आले. सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या, हे दारात बसून दाढी करत होते, मुलगी बाहेर सागरगोटे खेळत होती. भावोजींनी पिशवीतून वही काढली तेव्हा मी चहाला आधण ठेवत होते.

"वाच बघया," सासूबाई म्हणाल्या. "जंगलात जावन माणसा काय लिवतत ता कळांदे."

ते वाचायला लागले. कोणी माकडाने डबा पळवल्याचं लिहिलं होतं, कोणी पाय मुरगळल्याचं. भावोजी आवाज बदलून वाचत, सासूबाई हसता हसता खोकत. मी पानं मोजत होते. मग त्यांनी पान उलटलं आणि त्याच हसऱ्या आवाजात सुरुवात केली.

"पहिली ओळ कोणी तरी घासलीये, पुढचं वाचतो. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला इथे ठेवून मला गावी पाठवणार..."

आवाज खाली आला. त्यांनी मान वर केली नाही. दोन पानं एकदम उलटायला गेले.

"थांबलंस कित्याक?" सासूबाई म्हणाल्या. "वाच मरे. खंयची ती?"

"नाव नाय गो आये."

"मग वाच."

त्यांनी वाचलं, सावकाश. "मला कोणी विचारलं नाही. सासऱ्यांचं करायला मी नाही म्हणत नाही. पण मुलीला सोडून मी जाणार नाही. गेले तर मी तिथे जगणार नाही असं वाटतं."

सुपातला हात थांबला. ह्यांनी वस्तरा खाली ठेवला, उठून आले आणि भावोजींच्या हातातून वही घेतली. अर्ध्या गालावर साबण तसाच. बघितलं. वही मिटून परत दिली. एक शब्द बोलले नाहीत, आणि मला तेच सहन झालं नाही. ते ओरडले असते तर मी गप्प राहिले असते.

"ते मी लिहिलंय," मी म्हटलं.

चहाचं पाणी उकळत होतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ, सरळ, त्यांनी मला कधीच पाहिलं नव्हतं.

"रानात जावन परक्यांका सांगलंस. माका कित्याक नाय सांगलंस?"

"तुम्ही विचारलं नाही."

"इचारूक व्हया होता?"

मी चहाचं आधण खाली उतरवलं. भावोजी चपला घालून बाहेर गेले. हे पुन्हा दारात जाऊन बसले आणि उरलेली दाढी पुरी केली, दोनदा कापून घेतलं.

चार दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. पाचव्या दिवशी सासूबाईंनी आपली ट्रंक खाली काढायला सांगितली. हे म्हणाले, "आये, तुझा दमो." त्या म्हणाल्या, "घोव माझो आसा," आणि नवऱ्याचं करायला स्वतःच गावी निघाल्या. औषधाच्या पुड्या मी बांधून दिल्या. त्यांनी त्या घेतल्या, ट्रंकेत नीट ठेवल्या, पण माझ्या हाताला हात लागू दिला नाही. एस्टीत बसताना नातीला जवळ घेतलं. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

त्या गावीच राहिल्या, सासरे गेले त्यानंतरही. पावसाळ्यात धाप लागते असं शेजारच्या मुलाकडून लिहवून घेत. पत्र ह्यांच्या नावाने यायचं आणि वाचून दाखवायची मी. त्यात सगळ्यांची चौकशी असे, नातीच्या शाळेची, भावोजींच्या नोकरीची, शेजारणीच्या गुडघ्याचीसुद्धा. माझ्याबद्दल एक अक्षर नसे. मी खालच्या सहीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायची आणि उत्तर लिहायला बसायची.