न गेलेलं मानपत्र

वकिलांच्या खोलीत किस्से कसे साठतात, हे मला एवढी वर्षं वकिली करूनही सांगता येत नाही. खटला निकाली निघतो, कागद रेकॉर्डला जातात, पक्षकार आपल्या गावाला जातो. मधल्या काळात कुणी काय बोललं ते मात्र बाकावरच राहतं. दुसऱ्या दिवशी तिथं बसलं की ते आपल्याला चिकटतं! बेळगावच्या आमच्या बार रूममधले असे पुष्कळ किस्से मी चहाबरोबर खपवले. हे पाचसहा मात्र फारसे सांगितले नाहीत. सांगताना आधी हसू येतं आणि मग मी विषय बदलतो.

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. बस कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालायची, चहात साखर नावापुरती असायची, आणि मी बारचा सेक्रेटरी होतो. इनामदारांचं मानपत्र आपल्या बारनं का पाठवलं नाही, असं लोक मला अजून विचारतात. तेव्हा आज एकदाचं सांगून टाकतो.

* * *

आमच्या खोलीत दोन बाकं. खिडकीकडचं खादीवाल्यांचं आणि दाराकडचं पगडीवाल्यांचं. कुणी पाटी लावली नव्हती, पण नवा वकील सनद घेऊन आला की कुठल्या बाकावर टेकतो याकडं सगळ्यांचं लक्ष! खिडकीकडं अण्णांचा शब्द चालायचा. अण्णा दोनदा तुरुंगात जाऊन आलेले, आवाज असा की शेजारच्या कोर्टातला साक्षीदार थबकावा. दाराकडं आप्पासाहेब. कडक इस्त्री, कलाबतूची पगडी आणि कायद्याची कलमं पाठ. माझी खुर्ची कपाटापाशी, म्हणून मी कुणाचाच नव्हतो. निदान तसं मी स्वतःला सांगत होतो.

दोन्ही बाकांचं एकमत व्हायचं ते फक्त मानपत्राला. आमच्या बारचा रिवाजच तसा होता. मानपत्र जायचं तर सगळ्यांच्या सहीनं. एक सही कमी पडली तरी ते कपाटात.

एकदा एका जज्जसाहेबांची बदली झाली. सगळ्यांच्या सह्या झाल्या, एक वकील तेवढा खानापूरकडं जंगलातल्या गावी मुलीच्या लग्नाला गेलेला. तो परत येऊन सही करेपर्यंत साहेब धारवाडला रुजूही झाले! मानपत्र मागून पोस्टानं गेलं. त्यात लिहिलेलं, 'आपण आज आम्हांला सोडून जात आहात.' साहेबांचं उत्तर आलं, "मला जाऊन महिना झाला. तरी आभार!"

* * *

तर अशा या बारमधून उठून मुंबईला गेलेले इनामदार. बुद्धी तल्लख, इंग्रजी फर्डं. मुंबईत सरकारची बाजू मांडून मांडून रावबहादूर झाले. त्यांचं नाव हायकोर्टाच्या जज्जाच्या जागेसाठी गेलं, आणि वर्तमानपत्रात आलं की बेळगावचे वकील त्यांना मानपत्र देणार.

दाराकडच्या बाकावर पेढे आले. खिडकीकडच्या बाकानं पेढ्याकडं पाठ केली.

"सत्याग्रह्यांना तुरुंगात धाडणारा मानूस ह्यो!" अण्णा म्हणाले. "माझी सही न्हाय मिळायची."

आणि नेमकं त्याच आठवड्यात सदलग्याहून पत्र आलं. पत्ता नुसता 'वकील मंडळी, बेळगाव कोर्ट' एवढाच. चंपाक्का नावाच्या जैन विधवेनं शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं. पत्र सेक्रेटरीनं मोठ्यानं वाचायचं, म्हणून मी उभा राहिलो.

नवरा वारल्यावर दिरांनी जमिनीतून बाहेर काढलं, म्हणून तिनं दावा लावला होता. वकील इनामदार. कागद वाचून दाखवतो म्हणून त्यांनी घरी बोलावलं, दार लावलं आणि हात धरला. ती हिसडा देऊन निघून आली. पुढच्या तारखेला ते तिच्या बाजूनं उभेच राहिले नाहीत. दावा गेला. तेव्हापासून ती सदलग्याला भावाकडं राहत होती. 'माझी जमीन मी परत मागत नाही,' असं लिहिलं होतं. 'पण जो माणूस आता साऱ्यांचा न्याय करणार, त्याचं हे तुम्हांला ठाऊक असावं.'

एवढं वाचतोय तोवर आप्पासाहेब उठले. "मुदतबाह्य! इतकी वर्षं बाई काय करत होती?"

"खरं हाय! अक्षर न् अक्षर खरं हाय!" अण्णा गरजले.

"तुम्ही तिथं होता काय?"

"असाया कशाला पायजे? मी इनामदाराला ओळखतो!"

"मी पण ओळखतो!" आप्पासाहेब म्हणाले. "म्हणून तर सांगतो, खोटं आहे!"

गलका इतका झाला की पत्राची शेवटची ओळ वाचायची राहिली. मी घडी घातली आणि पत्र कपाटात ठेवून दिलं. ती घडी घातल्याचं मला आजही आठवतं.

* * *

मग रोज मधल्या सुट्टीत वाद. चहा निवायचा, वाद निवायचा नाही. पाचव्या दिवशी आप्पासाहेबांनी टूम काढली, "आपण तिची उलटतपासणीच करून बघू या. टिकते का बघू."

बाई नव्हती, म्हणून आमच्या यल्लाप्पाला तिच्या जागी उभं केलं. यल्लाप्पा म्हणजे बार रूमचा शिपाई, मिशा पांढऱ्या झालेला, खाकी कोटाची बटणं रोज घासून लख्ख करणारा. खुर्ची उलटी करून त्याचा पिंजरा केला. सगळे भोवतीनं उभे. खो-खो हसणं चाललेलं.

"सांगा बाई," आप्पासाहेबांनी सुरुवात केली, "डावा हात धरला की उजवा? दार आतून लावलं की नुसतं लोटलं? ओरडला का नाहीत? घरात गडीमाणसं किती होती? घरी येऊन कुणाला सांगितलंत?"

असे प्रश्नांवर प्रश्न. अण्णा मधूनच ओरडायचे, "हरकत हाय!" यल्लाप्पा पहिल्यांदा हसत होता. मग हसायचा थांबला. त्यानं एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा.

"अरे बोल की रं यल्लाप्पा, थट्टा आहे ही!" कुणीतरी म्हणालं.

"ठावं हाय साहेब थट्टा हाय ती," यल्लाप्पा म्हणाला. "पर येवढी मानसं टक लावून बगाय लागल्यात. मला म्हाताऱ्याला बी तोंड उघडंना झालंय."

त्यानं खुर्ची सुलटी केली, फडक्यानं पुसली आणि कपबशा गोळा करायला गेला. त्या दिवशी चहा झाल्यावर सगळे लवकर आपापल्या कोर्टात गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू!

* * *

आता गंमत ऐका. त्याच सुमारास मुंबईहून बातमी आली की इनामदारांनी सत्याग्रहात धरलेल्या काही पोरांची बाजू मांडली आणि त्यांना सोडवून आणलं! मुंबईच्या खादीवाल्यांनी त्यांच्या गळ्यात सुताचा हार घातला.

त्या दिवशी अण्णा खिडकीतून बाहेर बघत बसले, आप्पासाहेब पगडी काढून डोकं खाजवत बसले.

दुसऱ्या दिवशी अण्णा उठले. "तसं बगाया गेलं तर, पत्राला मुदतीचा परश्न येतोच. इतकी वर्सं बाई काय करीत हुती?"

आप्पासाहेब ताडकन उभे. "बाईच्या अब्रूला मुदत कसली लावता? मला तर पहिल्यापासून यात तथ्य वाटतंय!"

सेक्रेटरी म्हणून चर्चेचा गोषवारा वहीत लिहिणं माझं काम. मी मागच्या आठवड्याचं पान उघडलं. नव्यानं लिहायची गरजच नव्हती. आप्पासाहेबांच्या नावावर काट मारून अण्णा लिहिलं, अण्णांच्या नावावर काट मारून आप्पासाहेब! दोघांनीही तो गोषवारा वाचला आणि बरोबर आहे म्हणून खाली सही केली.

मी हे पुष्कळ दिवस हसत हसत सांगत असे. वहीतल्या त्या पानावर त्या बाईचं नाव एकदाही आलेलं नाही, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

* * *

याच दिवसांत बार रूमच्या पायरीवर एक बाई येऊन बसू लागली. अंगावर पांढरं लुगडं, पन्नाशीच्या आतबाहेरची, मांडीवर कापडी पिशवी. सकाळी कोर्ट भरायच्या आधी यायची. उन्हं कलली की उठायची, कारण जैनांचं जेवण दिवस बुडायच्या आत. बस्तीजवळच्या, म्हणजे जैन मंदिराजवळच्या, धर्मशाळेत उतरली होती. पायरी अरुंद, त्यामुळं आम्ही सगळे काळे कोट सावरून तिच्या बाजूनं चढायचो आणि उतरायचो.

ती कोण हे ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. सदलग्याची चंपाक्का!

पण तिच्याशी कुणी बोलेना. आता तुम्हांला हे विचित्र वाटेल, वकिलाला वाटणार नाही. समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराशी कोर्टाबाहेर बोलायचं नाही, हे आमच्या हाडात भिनलेलं. अण्णांना खात्री होती की तिला आप्पासाहेबांनी आणून बसवलंय. आप्पासाहेबांना खात्री होती की हे अण्णांचं काम. बरं, बाजू बदलल्या तरी बाई समोरच्यांचीच राहिली! दोघंही तिच्यापाशी आले की मान दुसरीकडं वळवायचे.

आणि मी? मी कुणाच्याच बाकावरचा नव्हतो. मला कोण अडवत होतं? पण मीही म्हटलं, असेल कुणाची तरी. ज्यानं आणलं असेल तो बोलेल. रोज तिच्या लुगड्याला पाय लागू नये एवढी काळजी मात्र घेतली.

* * *

शेवटी दोन्ही बाकं थकली. कंटाळा आला की वकील तडजोड करतो. तडजोड अशी ठरली की मानपत्र पाठवायचं, त्यात रावबहादुरी आणि सुताचा हार दोन्ही घालायचं, आणि पत्राबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पत्र फायलीला लावून टाकायचं.

जाड कागद आला, सोनेरी काठाचा. सुरेख अक्षरात मजकूर उतरला. 'आपली न्यायबुद्धी व निष्कलंक चारित्र्य' वगैरे. अण्णांनी सही केली, आप्पासाहेबांनी केली. मग पेढे. या वेळी दोन्ही बाकांनी खाल्ले. शेवटची सही सेक्रेटरीची. मी टाक दौतीत बुडवला.

यल्लाप्पा कपाटापाशी उभा होता. हळूच म्हणाला, "साहेब, ती आक्का रोज मला इचारती, माजं पत्र वाचलं का म्हणून. काय सांगू?"

"वाचलं म्हणून सांग की."

"सांगितलं. तर म्हणती, समदं वाचलं का?"

मी टाक खाली ठेवला. कपाटातून पत्र काढलं, घडी उलगडली. शेवटची ओळ होती: 'मी येऊन तुमच्या पायरीवर बसते. ज्याला विचारायचं असेल त्यानं मला विचारावं.'

लाज वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. एका हातात टाक-दौत आणि दुसऱ्या हातात ते मानपत्र तसंच घेऊन मी बाहेर गेलो. माझ्या पाठोपाठ खोलीतले सगळे दारात येऊन उभे राहिले.

ती मान वर करून बघत होती.

"आक्का," मी म्हणालो, "तुम्हांला इथं कुणी आणून बसवलं?"

"कुनी न्हाय. माजी मीच आलेय. पत्रात लिवलंय की."

मागं दारात अण्णा आणि आप्पासाहेब खांद्याला खांदा लावून उभे. त्या दिवशी यल्लाप्पाला एवढे प्रश्न विचारणारे आप्पासाहेब बुटांकडं बघत होते. अण्णा कोटाची बटणं चाचपत होते. मी कुठल्याही साक्षीदाराला पहिल्यांदा विचारतात तेच विचारलं.

"तुमचं पूर्ण नाव सांगा."

तिनं पदर सावरला आणि नाव सांगितलं. वडिलांचं, नवऱ्याचं, गावाचं, सगळं सावकाश. मग पिशवी उचलून जरा बाजूला सरकली.

"बसा की साहेब. उभ्या उभ्या कसं लिवनार?"

मी पायरीवर बसलो. दुसरा कागद जवळ नव्हता. मानपत्र उलटं केलं, मांडीवर ठेवलं आणि त्या कोऱ्या बाजूवर तिचं नाव लिहिलं. पलीकडच्या सह्या अजून पुरत्या वाळल्या नव्हत्या. मागून कुणी थांब म्हणालं नाही.

"आक्का," यल्लाप्पा म्हणाला, "उनं कलल्याती. तुमच्या जेवनाचं कसं?"

"आज ऱ्हाऊ दे जेवान," ती म्हणाली. "हं, साहेब. लिवा."